म्हातारं मांजर, गेलेल्या किडन्या आणि शेवटचं इंजेक्शन

म्हाताऱ्या मांजराच्या किडन्या हळूहळू जातात. वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, ते औषधपाण्यावर छान राहतं आणि मग एखाद्या आठवड्यातच सगळं उतरणीला लागतं. त्या आठवड्यात डॉक्टर शोधायला निघालात तर सातारा-सांगलीकडे पंचाईत होते. इथले बरेचसे पशुवैद्यक गाई-म्हशींचे. सकाळी दवाखाना, मग मोटरसायकलवर गावोगाव. मांजराची शीर धरायचा सराव सगळ्यांना असतोच असं नाही. म्हणून निरोपाची, म्हणजे दयामरणाच्या इंजेक्शनची, तयारी मांजर जेवतंखातं असतानाच करून ठेवावी, ऐकायला कितीही कठोर वाटलं तरी. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच आहे, पण ते निदानासाठी, मांजरात ताकद असताना गाठावं. मान टाकलेल्या मांजराला सांगलीहून शिरवळपर्यंत गाडीत हिंदकळत नेऊ नये.

वेळ आली हे कसं ओळखायचं? रिपोर्टवरून पूर्ण कळत नाही. क्रिएटिनिन (किडन्या बाहेर टाकतात तो रक्तातला कचरा) 5 च्या वर गेलं की आयरिसच्या, म्हणजे जनावरांच्या किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, मोजमापात ती चौथी, म्हणजे शेवटची पायरी. तरी सहावर असलेलं मांजर वाटीभर खाऊन उन्हात बसतं आणि चारवरचं कोपऱ्यात पडून राहतं. मिरजेत माणसांच्या लॅब पैशाला पासरी. डॉक्टरांनी काढून दिलेल्या रक्ताचं क्रिएटिनिन तसल्या मशीनवर निघतंही. पेशींच्या आकड्यांवर मात्र भरवसा नको. मांजराच्या तांबड्या पेशी लहान असतात आणि प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात, त्यामुळे माणसांसाठी लावलेलं मशीन फसतं.

त्यापेक्षा वजनकाटा खरं बोलतो. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, खाण्याआधी. चार किलोचं मांजर 3.6 वर आलं म्हणजे दहा टक्के गेलं. तोंडाला उग्र, लघवीसारखा वास, हिरड्यांवर फोड, वाटीपाशी जाऊन वास घेऊन मागे फिरणं, ही रक्तात कचरा साचल्याची आणि मळमळीची लक्षणं. ‘नखरे करतंय’ म्हणून सोडून देऊ नका. मान पुढे खाली पडत असेल तर बहुधा पोटॅशियम उतरलंय, ते औषधाने सुधारू शकतं. मांजराने स्वतःला चाटणं सोडलं, शी-शूच्या ट्रेपर्यंत जाता येईना, मळमळीचं औषध देऊनही दोन दिवस तोंडात घास नाही, असं एकत्र दिसलं की डॉक्टरांना फोन करायचा. दूधभात बोटाने तोंडात कोंबत बसू नये. त्याने घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि मांजर आपल्या हाताला घाबरायला लागतं.

सलाईनबद्दल थोडं सविस्तर, कारण घरोघरी चुकतं तिथेच. कातडीखाली द्यायचं ते आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट. मेडिकलवाल्याने घाईत डीएनएस किंवा डेक्स्ट्रोजची बाटली दिली तर परत करा. साखरेचं पाणी कातडीखाली गेलं की आग होते, गळूही होऊ शकतं. चार किलोच्या मांजराला साधारण 100 मिली, रोज की दिवसाआड ते डॉक्टर ठरवतील. बाटली कोमट पाण्यात ठेवून मनगटावर थेंब टाकून बघा. खांद्यांच्या मध्ये कातडी तंबूसारखी उचलायची, 18 किंवा 20 नंबरची सुई त्या तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर. केस ओले झाले तर सुई आरपार गेली, मागे घ्या. सुई दर वेळी नवीन. पाण्याचा गोळा पुढच्या पायाकडे घसरतो, त्याला घाबरायचं नाही. काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच लोंबत असेल तर रक्ताभिसरण मंदावलंय, वरून आणखी पाणी देऊ नका. झोपेतला श्वास मिनिटाला 30 च्या आत हवा. 40 च्या वर गेला तर सलाईन बंद आणि फोन.

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, पाव गोळीसुद्धा नाही. ते मांजराला विष आहे.

‘आपणहून जाऊ दे की’ असं घरातली वडीलधारी म्हणतात. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हेही कुणीतरी काढतंच. त्यांना एवढंच सांगा, की किडनी फेल होऊन आलेला मृत्यू झोपेत अलगद येतो हा गैरसमज आहे. कित्येक दिवस मळमळ, तोंडात जखमा, शेवटी कधी झटके. माझ्या मते त्यापेक्षा इंजेक्शन हजार पटीने बरं.

डॉक्टरांना आधीच एक गोष्ट विचारा: ‘पहिल्यांदा झोपेचं इंजेक्शन देणार ना?’ उत्तर गोलमोल आलं तर दुसरा डॉक्टर बघा. शुद्धीत असलेल्या मांजराच्या हृदयात थेट सुई किंवा मॅग्नेशियम सल्फेट, याला स्पष्ट नकार द्या. नीट पद्धत अशी: आधी मांडीत भूल, पाच ते पंधरा मिनिटांत मांजर गाढ झोपतं. काही भुलीच्या औषधांनी उलटी होते, म्हणून आधी काही तास खायला नको. मग पायाच्या शिरेतून थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल, ही भुलीचीच औषधं, पण जास्त मात्रेत. पाणी कमी झालेल्या मांजराची शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं. ते झोपलेलं असतं, त्याला कळत नाही. डोळे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखादा मोठा श्वास येतो, मिशी थरथरते, लघवी होते. खाली प्लॅस्टिक आणि त्यावर जुना टॉवेल हवा. डॉक्टरांना स्टेथोस्कोपने पुन्हा एकदा ऐकायला सांगा.

तास-दोन तासांत अंग ताठायला लागतं, त्याआधीच पाय पोटाशी घेऊन सुती कापडात गुंडाळा. उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या शेजारी ठेवा.

खड्डा निदान तीन फूट, आणि तो आदल्या दिवशीच खणून ठेवा. साताऱ्यात डोंगरउताराला फूटभर मातीखाली मुरूम लागतो, नुसतं फावडं चालत नाही. टिकाव आणि पहार लागते. सांगलीची काळी माती मे महिन्यात दगड, जुलैत चिखल. कृष्णाकाठी 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते आठवा आणि त्याच्या वरची जागा धरा. विहीर-बोअरपासून लांब. उसाच्या सरीत नको, नांगर खोल जातो, बांध बरा. प्लॅस्टिक पिशवी नको, मिठाचीही गरज नाही, वर मात्र जड दगड हवेत. शिरेतून दिलेलं औषध मांसात टिकून राहतं, भटक्या कुत्र्याने उकरून खाल्लं तर तेही मरू शकतं. नदीत सोडू नका, हे वेगळं सांगायला नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी नगरपालिका-महापालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा शेतवाल्या ओळखीच्यांना आधी विचारून ठेवावं.

घरात दुसरं मांजर असेल तर त्याला वास घेऊ द्या. नाहीतर काही मांजरं पुढे दिवसचे दिवस ओरडत शोधतात. उरलेल्या सीलबंद आरएलच्या बाटल्या डॉक्टरांना द्या, त्यांच्याकडे कुणाचं तरी मांजर असतंच. वापरलेल्या सुया घट्ट झाकणाच्या जाड डब्यात घालून दवाखान्यात नेऊन द्या. घंटागाडीत सुट्या टाकल्या तर त्या कचरा निवडणाऱ्या बाईच्या हातात जातात.