जिताड्यासाठी पेटीत उरलेले नऊ लुअर

गेल्या रविवारी मासेमारीची पेटी रिकामी करून पुसली आणि लुअर (गळ लावलेली नकली आमिषं) मोजले. नऊ भरले. चार वर्षांपूर्वी याच पेटीत साठच्या वर होते आणि त्यांतल्या एकावरही मला जिताडा मासा लागला नव्हता. मुंबईतल्या मनोरीच्या जेट्टीवर नवी मुलं भेटतात, विचारतात, "ताई, कुठला लुअर घेऊ?" त्यांना उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी बोरिवलीला राहते, बँकेत कॅशियर आहे. आईचे चुलतभाऊ मनोरीचे. त्यांना आमच्या घरात सगळेच मामा म्हणतात. मामांनी पन्नास वर्षं हातदोरीला जिवंत कोळंबी नाहीतर बोईट लावून जिताडे काढले. मला मात्र रॉड आणि लुअर हवा होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी जिवंत चारा मिळेलच असं नसतं. शिवाय लाकडाचा नाहीतर रबराचा तुकडा आपल्या हाताने जिवंत करायचा, या गोष्टीची मला भारी ओढ होती.

जिताड्याला इंग्रजीत सी बास म्हणतात एवढं माहीत होतं, म्हणून मी 'बास फिशिंग' असं शोधलं. समोर आले ते अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासचे व्हिडिओ. तो गोड्या पाण्याचा मासा, त्याचं कूळच वेगळं. त्या लोकांची विद्या पक्की आहे. जॉर्ज पेरीने १९३२ साली जॉर्जियात धरलेल्या १०.०९ किलोच्या बासला मागे टाकणारा अजून कोणी निघाला नाही. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने बरोबरी केली तेवढीच. पण ती विद्या संथ, नितळ तळ्यांवर तयार झालेली. मी पाणी बघितलंच नाही, नुसतं सामान उचललं. हिरवट-तपकिरी रबरी किडे, नाजूक स्पिनर (गरगरणाऱ्या पात्याचे लुअर) आणि आठ पौंडांचा ताण सोसणारी मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची लाइन. दुकानदारही म्हणाला, भरपूर झाली.

त्या आठ पौंडांवर एका संध्याकाळी मासा लागला. दोनदा पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं आणि लाइन सैल पडली. तुटलेलं टोक मामांनी बोटांत फिरवून पाहिलं. ताण बसून तुटलेली लाइन टोकाला ताणलेली, वळलेली दिसते. ही सरळ कापलेली होती. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड धारदार असते, बाजारात मासा साफ करणाऱ्या बायका तिथे बोट घालताना जपतात. ती कड लाइनला लागली होती.

म्हणून सामानाला पैसे मोजके असतील तर ते आधी लाइनवर घाला. मी ३० पौंडांची ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली लाइन वापरते आणि तिच्यापुढे लुअरकडच्या टोकाला दीड मीटर, ५० पौंडांचा फ्लुरोकार्बनचा जाड तुकडा, म्हणजे लीडर. दोन्ही जोडायला एफजी गाठ. ती शिकायला मला आठवडाभर रोज संध्याकाळी अर्धा तास लागला, पण ती बारीक बसते आणि रॉडच्या कड्यांतून अडकल्याशिवाय जाते. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवायचं. जरा जरी खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून लुअर पुन्हा बांधायचा. रॉड सात फुटी मिडियम-हेवी आणि रीळ ४००० साइजचं घेतलंत की पुरे, त्यावर फार डोकं शिणवू नका. घरी आल्यावर दोन्ही गोड्या पाण्याने धुवा. तळ्यासाठी बनवलेले लुअरचे गळ मात्र खाऱ्या पाण्यात दोन-तीन खेपांत गंजतात. ते काढून खाऱ्या पाण्याचे, जाड तारेचे बसवून घ्या.

आता लुअर. माझी तपकिरी किड्यांची पिशवी बघून मामांनी एकच प्रश्न विचारला होता, "पोरी, हे या पाण्यात दिसणार कुणाला?" मनोरीचं पाणी चहासारखं. उधाणाला त्यात वीतभर खालचं दिसत नाही. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्यातले हादरे कळतात. गढूळ पाण्यात रंग बघून लुअर घेणारा फसतो. ओढताना रॉडच्या टोकाला थरथर जाणवते का, ते बघून घ्यावा. नवा लुअर मी आधी जेट्टीच्या पायऱ्यांशी ओढून पाहते. थरथर हाताला आली नाही तर तो पेटीत राहत नाही.

उरलेल्या नऊपैकी पाच रबरी मासे आहेत, साधारण दहा सेंटिमीटरचे, फावड्यासारख्या शेपटीचे, दहा ग्रॅमच्या जिग हेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) लावायचे. शेपटी पाण्याला धक्के देत राहते. रंग पांढरा किंवा पोपटी; फिक्या रंगाची आकृती गढूळ पाण्यातही थोडी उठून दिसते. दोन उथळ बुडणारे मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराचे कडक लुअर आहेत. एक खुळखुळणारा व्हायब, पुलाच्या खांबांशी खोल पाण्यासाठी. आणि एक पॉपर, पाण्यावर तरंगत खळबळ करणारा. पाणी आरशासारखं असताना पहाटे त्याच्यावर जो आवाज होतो, त्यासाठी मी तो कधीच काढणार नाही. जिताडा भक्ष्य चावत नाही. तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. वर 'भुप्प' असा जड आवाज येतो.

त्या आत ओढण्यामुळेच एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लाइन ताठ असेल तर लुअर त्याच्या तोंडात नीट जातच नाही. दोन हलके झटके द्यायचे, मग थांबायचं आणि लाइन किंचित ढिली सोडायची. बहुतेक मासे मला त्या थांबण्यात लागले. त्या दोन-तीन सेकंदांत रीळ फिरवायचा मोह आवरणं जमलं पाहिजे.

बास मंडळींची एक गोष्ट मात्र मी जशीच्या तशी उचलली, ती म्हणजे टेक्सास रिग. गळाचं टोक रबरात लपवलेलं असतं, त्यामुळे तिवरांच्या वर आलेल्या मुळ्यांतून लुअर न अडकता निघतो. जिताडा अशाच जागी दबा धरतो. तरी पिशव्या लागतातच. माझ्या गळाला लागलेलं प्लास्टिक मी परत पाण्यात टाकत नाही, घरी घेऊन येते. तुम्हीही आणा, ही मनापासून विनंती.

इतकं सगळं असूनही भरतीचं गणित चुकलं तर रिकाम्या हाताने परतावं लागतं. मामांचा हिशोब सोपा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता मुंबईला पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. वेळ थोडी मागेपुढे होते, पण फोनवरचा तक्ता बंद पडला तरी हिशोब चालतो. पुनव-अवसेच्या उधाणाला ओढ इतकी की लुअर जागेवर टिकत नाही आणि तळाचा चिखल वर येतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, ओढ कमी, पाणी त्यातल्या त्यात निवळलेलं. म्हणून मी सुट्टी कॅलेंडरवरची तिथी बघून टाकते. सहाला भरती संपते, ओहोटी लागते आणि कांदळवनातल्या चिंचोळ्या नाळींतून कोळंबी आणि लहान मासे खाडीत वाहून यायला लागतात. जिताडा नाळीच्या तोंडाशी उभा असतो. लुअर वरच्या अंगाला टाकायचा आणि पाण्याबरोबर त्याच्यापुढून जाऊ द्यायचा.

माझ्या रॉडवर मुठीपासून मोजून ८० सेंटिमीटरवर लाल चिकटपट्टी आहे. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे मोठा जिताडा बहुधा अंडी घालणारी मादी. ती मी सोडते. लवकर सोडता यावी म्हणून तीनतोंडी गळांच्या जागी एकेरी गळ लावलेत आणि त्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकलेत. एवढ्या वजनाचा मासा जबड्याला धरून लटकवायचा नाही, पोटाखाली हात द्यायचा.

या वद्य अष्टमीला मार्वेहून पहिल्या फेरीबोटीने मनोरीला गेले. मामांचे गुडघे दुखतात, तरी जेट्टीपर्यंत आले. सव्वासातला पांढऱ्या रबरी माशावर, थांबलेल्या लाइनवर, ओढ आली. उसळायला लागला तेव्हा रॉडचं टोक पाण्याकडे खाली धरलं. जवळ आला तेव्हा उन्हात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा चमकला. पट्टीला लावला तर चार बोटं पुढे. मामा पायरीवर बसले, पाण्यात दोन्ही हात घालून तिला प्रवाहाकडे तोंड करून धरून राहिले, आणि तिने शेपूट मारल्यावर ओले हात बराच वेळ तसेच धरून बसले.