पैसा मागून येतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. महाद्वार रोडवर अस्तराचं कापड घेताना विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत, बँकेत केवायसीच्या रांगेत विचारलंत: "ॲक्टिंगवर घर चालतंय व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता लगेच दुसरा प्रश्न, "मग मुंबईला का जात नाही?"

दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथं कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, हे तुम्ही मला दर वेळी ऐकवता. मोठमोठे गेले, तू काय बसलीयस, असा त्याचा अर्थ असतो. माझं गणित छोटं आहे. मुंबईत एक दिवसाचं काम म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, दिवसभर शूट, परत रात्रीची महालक्ष्मी. एका दिवसाच्या पैशात दोन रात्री आणि पुढचा झोपेचा दिवस गेला. म्हणून सलग तीन दिवसांहून कमी असेल तर मुंबईचं काम घेत नाही, आणि प्रवास-मुक्काम कुणाकडे हे ठरल्याशिवाय तिकीट काढत नाही. मालिका मोरेवाडीच्या चित्रनगरीत किंवा जवळच्या एखाद्या गावात आल्या की मला त्या सोयीच्या पडतात, त्यांनाही मी सोयीची पडते: हॉटेलची खोली लागत नाही. एवढंच. यात कोल्हापूरचा अभिमान वगैरे काही नाही.

आता घर चालतं का. चालतं. पण त्याला 'कामं मिळतात का' हा प्रश्न लागू नाही. काम झालं त्या दिवसापासून पैसे खात्यात पडेपर्यंत मधे जे दिवस जातात, त्या दिवसांत तुम्ही काय करता, त्यावर ते चालतं.

दहा वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत मी पोरांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "कामावर प्रेम करा, पैसा मागून येतो." मागून येतो हे खरंच आहे. नव्वद दिवस मागून येतो.

एका बिलाचीच गोष्ट सांगते, म्हणजे कळेल. नायकाच्या आत्याचं काम, जून-जुलैत अठरा दिवस, दिवसाला ३,५०० रुपये. हिशेब सरळ: ६३,०००. दोन ऑगस्टला बिल पाठवलं. पाच आठवड्यांनी अकाउंट्समधून फोन, बिल परत. का, तर पडद्यावर माझं माहेरचं नाव जातं आणि बिलावर मी तेच टाकलं होतं; पॅनवर सासरचं आहे. शिवाय बिल मालिकेच्या नावानं काढलेलं. मालिका ही काही कंपनी नव्हे, पैसे देणाऱ्या संस्थेचं कागदोपत्री नाव वेगळंच असतं. आठ सप्टेंबरला नवीन बिल गेलं आणि 'बिलापासून नव्वद दिवसांत पैसे' ही मोजणी तिथून पुन्हा सुरू झाली. डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला. त्यांच्याकडे पैसे महिन्यातून दोनदा सुटतात, दहाला आणि पंचवीसला. दहाला सुटले नाहीत, "चॅनेलकडून आले नाहीत." पंचवीसला नाताळ. बारा जानेवारीला मेसेज आला.

आणि ६३,००० नव्हतेच. जुलैत दोन दिवस असे झाले होते की सकाळी सातला बोलावलं, मेकअप झाला, केस झाले, नऊवारी नेसून बसले, आणि बाहेरच्या सीनवर पावसानं पाणी फिरवलं. कोल्हापूरचा जुलै, त्यात नवल काय. संध्याकाळी सहाला पॅकअप. दिवस भरल्याचं व्हाउचर समोर आलं नाही, मीही मागितलं नाही. मागायचं कसं, सगळे भिजलेले, दिग्दर्शक वैतागलेला, प्रॉडक्शनवाला पोरगा चहा आणून देतोय. ते दोन दिवस वजा. उरले ५६,०००. त्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, १० टक्के, ५,६०० गेले. काम आणून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचे १५ टक्के, ८,४००. हातात ४२,०००. जूनमध्ये नेसलेल्या साडीचे पैसे संक्रांतीला.

इथपर्यंत सगळे हसतात. पुढचं मी फारसं सांगत नाही.

त्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, खात्यात काहीच नसताना, एका कांदा-लसूण मसाल्यावाल्यांनी जाहिरातीसाठी विचारलं. अर्ध्या दिवसाचं काम, बारा हजार, त्याच संध्याकाळी. पानभर इंग्रजी कागद होता. त्यात एक ओळ होती, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी. वाचली. सही केली. तीन वर्षं झाली, माझं तोंड त्या पाकिटावर आहे. मध्यंतरी दुसऱ्या मसाल्याची टीव्ही जाहिरात आली, एका वर्षाचे ७५,०००. त्यांच्या अर्जात नेहमीचा प्रश्न होता: या प्रकारच्या मालाची जाहिरात आधी केली आहे का, ती अजून चालू आहे का? खरं ते लिहिलं. विषय संपला.

जाहिरातीच्या कागदात पाच गोष्टी असाव्या लागतात: मुदत किती, कुठल्या भागात, कुठल्या माध्यमात (पाकीट, होर्डिंग, टीव्ही, इंटरनेट हे वेगवेगळं लिहून), त्या काळात दुसऱ्या कुठल्या मालाची जाहिरात करायची नाही, आणि मुदत वाढवली तर पैसे किती. मला यातलं तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. चार माहीत होत्या. पण दिवाळी होती आणि मुलाची फी होती. आज मी तेव्हा सही करणाऱ्या त्या बाईला म्हणते, निदान 'एक वर्ष' एवढं तरी लिहून घ्यायचंस. ती म्हणते, आज तुझ्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च पडून आहे म्हणून तुला हे सुचतंय. आमचं हे भांडण मिटलेलं नाही.

सहा महिनेच का? तीन महिने बिलाचे, तीन पुढचं काम मिळेपर्यंतचे. त्याहून कमी असले की समोरच्याला ते आवाजातून कळतं, खरंच कळतं, आणि दर खाली येतो. ते साठवायचे कसे? सगळी कमाई एका वेगळ्या खात्यात. गेल्या २४ महिन्यांत त्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम भागिले २४, आणि त्यातले दोन तृतीयांश दर महिन्याच्या एक तारखेला घरखर्चाच्या खात्यात, पगारासारखे. मोठं काम आलं तरी तेवढेच. 'येणार आहेत' ते पैसे या भागाकारात धरायचे नाहीत. बिल झालं म्हणजे पैसे आले, असं धरूनच आमच्यातली निम्मी मंडळी हप्ते काढून बसतात.

बिलावर काय हवं ते एकदाच लिहून ठेवा, दर वेळी तारखा बदलायच्या: पॅनवर आहे तस्संच नाव, पॅन, पत्ता, खातं आणि आयएफएससी, बिल क्रमांक, तारीख, देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव आणि पत्ता (पहिल्या दिवशीच मागून घ्या), शूटच्या तारखा एकेक करून, दिवसाचा दर, एकूण, सही. मेलवर पाठवा आणि 'मिळालं' असं उत्तर येईपर्यंत पाठवलं असं समजू नका. पॅन दिला नाही तर टीडीएस १० ऐवजी २० टक्के कापला जातो. कापलेले पैसे बुडाले असं समजणारे कलाकार मी इतके पाहिलेत! आयकराच्या साइटवर कापलेल्या कराचा तक्ता असतो, २६-एएस, त्यात ते तुमच्या नावावर जमा दिसतात का बघा, नसतील तर प्रॉडक्शनच्या मागे लागा, आणि रिटर्न भरा. कर तेवढा बसत नसेल तर परत येतात. आयकराच्या ज्या सोयीला सीए लोक ४४-एडीए म्हणत आलेत त्यात चित्रपट कलाकार बसतो: वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत (रोखीनं पाच टक्क्यांहून जास्त आलेली नसेल तर ७५) असेल तर निम्मी रक्कम नफा धरून कर, पावत्यांचा ढीग दाखवावा लागत नाही. ५० लाख! असो.

आणि शूटच्या आधी एक मेसेज. माझा असा असतो: "नमस्कार. बोलल्याप्रमाणे: भूमिका अमुक, दिवसाला इतके, शिफ्ट १२ तास, बोलावल्यावर शूट झालं नाही तर अर्धा दिवस, कपडे माझे/तुमचे, पैसे बिलापासून ९० दिवसांत. बरोबर असेल तर 'हो' कळवा." करार येतो तेव्हा येतो, कधी काम संपल्यावर येतो. हा 'हो' मात्र फोनमध्ये राहतो.

कपड्यांवरून आठवलं. छोट्या भूमिकेला 'साड्या तुमच्याच आणा' हे ठरलेलं, आणि त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत, म्हणजे ती तुमची गुंतवणूक झाली. माझी बॅग भरलेलीच असते. सहा साड्या, त्यात पांढरीशुभ्र एकही नाही आणि बारीक चौकडीची नाही, ती कॅमेऱ्यात झिलमिलते. ब्लाउजना दीड इंच माया सोडलेली, कारण भूमिका चार महिने चालते आणि सेटवरचं जेवण तेलकट. गुजरीतल्या सराफाकडचा खरा साज घरी, बॅगेत महाद्वार रोडचा खोटा. काचेच्या बांगड्या दिसायला छान, पण संवादात किणकिणतात आणि साउंडवाला ओरडतो, म्हणून प्लास्टिकच्या, दोन्ही हातांत मोजून. सिंथेटिक पदर कॉलर माइकवर घासतो, तिथं आतून सुती पट्टी. सीन संपला की समोरून-मागून फोटो: निऱ्या, पिन, बांगड्या, टिकलीचा आकार. दाराबाहेरचा शॉट आज होतो, दारातून आत आल्याचा शॉट पाच दिवसांनी. तेव्हा फोटो असेल तर लोक तुम्हाला पुढच्या वेळी नाव घेऊन बोलावतात. अभिनयाइतकंच हेही कामाला येतं. इतकंच का, थोडं जास्तच. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही विचारलंत.

ऑडिशन आता फोनवरच. मागची भिंत साधी, उजेड खिडकीचा, तुम्ही खिडकीकडे तोंड करून. रात्री दिव्यात करायची असेल तर शटर १/५० वर लावा, आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर चित्रात पट्टे फिरतात. फोन आडवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या थप्पीवर चालेल. समोरचे संवाद वाचणारा फोनच्या अगदी कडेला, आणि त्यानं हळू वाचायचं. माझ्या पुतण्यानं एकदा इतकं रंगात येऊन वाचलं की माझ्याऐवजी तोच लक्षात राहिला. आधी नाव, वय, उंची, गाव, मग डावी-उजवी बाजू, मग सीन. दोन टेक, तिसरा पाठवायचा नाही. आमच्याकडची एक जादा गोष्ट: एक टेक प्रमाण मराठीत, एक आपल्या बोलीत. फक्त बोलीतला पाठवला तर पाच वर्षं तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरचे विनोदच वाट्याला येतात. ऑडिशनसाठी किंवा 'आर्टिस्ट कार्ड'साठी पैसे मागितले की तिथंच फोन ठेवा.

मग वही. तारीख, कुणी मागितलं, कोणती भूमिका, काय दर सांगितला, टेप गेली का. पंधरा दिवसांत उत्तर नाही, तर समोर 'बंद' लिहायचं. 'काय झालं?' असा मेसेज करायचा नाही. नकाराचं कारण बहुतेक वेळा नायिकेची उंची असते किंवा तुमच्या तारखा. अभिनयाचं काही असेलही, पण ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, त्यामुळे त्यावर रात्री जागवू नयेत. मी जागवल्यात. ज्यांच्याबरोबर काम केलंय त्यांना दोन महिन्यांतून एकदा ताजा फोटो आणि रिकाम्या तारखा. सूर्योदयाच्या चित्रावर 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्यांचे नंबर म्यूट असतात, हे मला एका कास्टिंगवाल्यानंच सांगितलंय.

राहिलेले दिवस इतर कामांचे: आकाशवाणीची नाटकं (ऑडिशन देऊन श्रेणी घ्यावी लागते, बी, बी-हाय, ए अशी), डबिंग, सूत्रसंचालन, शाळांच्या कार्यशाळा. ही 'जोडकामं' म्हणायची मला पूर्वी लाज वाटायची. रंगमंचावरचं काम हेच खरं, असं मानायची मी. मग ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री इथलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, आणि ज्यांची सगळी तारीखवही त्या एका पत्त्यावर होती त्यांचं त्या वर्षी काय झालं ते मी पाहिलं. लाज गेली. दुःख आहे तसंच आहे, ते वेगळं.

गेल्या जूनमध्ये एका नव्या मालिकेला तो मेसेज पाठवला. प्रॉडक्शनचा पोरगा म्हणाला, "मॅडम, पावसाच्या दिवसाचं असं कुणी लिहून मागत नाही." मी म्हटलं, कोल्हापूर आहे बाळा, मागावं लागतं. 'हो' आला. तीन दिवस पावसात गेले, अर्धे पैसे मिळाले. माझ्या पात्राचा ट्रॅक संपल्यावर त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. विचारल्यामुळे की ट्रॅकच संपला म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही, आणि वहीत त्यासाठी रकाना नाही.

परवा किराणा दुकानात गेले. दुकानदारानं ते पाकीट पुढं ठेवलं आणि फोटोवर बोट टेकवलं. "ह्या तुमीच न्हवं? मग काय वैनी, पैसं जोरात असतील!" मी हसले, पैसे दिले, पाकीट घेतलं. मसाला बरा आहे. तिखट जरा कमी पडतं.