जामठ्यावर जडेजाचा सरळ चेंडू

आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावरची कसोटी म्हटली की चेंडू किती वळतो, यावरच बोलणं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये रवींद्र जडेजाने ऑस्ट्रेलियाचे ४७ धावांत ५ बळी घेतले, त्याचं श्रेयही बऱ्याच जणांनी खेळपट्टीला देऊन टाकलं. मला ते पटत नाही. वळणारा चेंडू लाबुशेनला पडला. तो ४९ वर पुढे सरसावला, चुकला आणि यष्टिरक्षक भरतने त्याला यष्टिचीत केलं. पुढच्याच चेंडूवर रेनशॉ पायचीत. पण ३७ वर जमलेल्या स्मिथला फसवलं ते न वळलेल्या चेंडूने. तो बॅट-पॅडमधल्या फटीतून थेट स्टंपवर गेला. हँड्सकोम्ब आणि मर्फी पायचीत.

डावखुरा फिरकीपटू राउंड द विकेट (टाकणारा हात यष्ट्यांपासून लांबच्या बाजूला ठेवून) येऊन उजव्या फलंदाजाला पायचीत करणार असेल, तर चेंडू फार वळून चालतच नाही. तो ऑफ स्टंप सोडून जातो. जडेजा ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास टाकतो, हाताची गती बदलत नाही. शिवण जमिनीला लागली तर चेंडू वळतो, गुळगुळीत चामडं लागलं तर घसरत सरळ जातो. कोणता काय करेल हे फलंदाजाला हातावरून वाचता येत नाही. विदर्भातल्या डावखुऱ्या पोरांचं इथेच बिनसतं. जास्त वळवायच्या नादात हात मंदावतो, चेंडू आखूड पडतो आणि फलंदाज मागे जाऊन आरामात कट मारतो.

त्या कसोटीआधी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे जडेजा पाच महिने भारताकडून खेळला नव्हता. जानेवारीत चेन्नईत तमिळनाडूविरुद्ध रणजी सामन्यात ५३ धावांत ७ बळी घेऊन तो इथे आला. मग फलंदाजीत ७० धावा, ७ बाद २४० वरून अक्षर पटेलसोबत ८८ ची भागीदारी. माझ्या मते सामना ऑस्ट्रेलियाच्या हातून निसटला तो इथे. सामनावीर अर्थात तोच.

त्याचं कसोटी पदार्पणही जामठ्यावरच झालं, डिसेंबर २०१२ मध्ये इंग्लंडविरुद्ध. प्रथम श्रेणीत तीन त्रिशतकं करून आलेल्या या खेळाडूने पहिल्या डावात १२ धावाच केल्या, पण ट्रॉट आणि पीटरसन हे दोन्ही जमलेले फलंदाज त्यानेच काढले.

६ फेब्रुवारी २०२५ ला जामठ्यावरच इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात, पांढऱ्या चेंडूनेही तेच: ९ षटकं, २६ धावा, ३ बळी. रूट आणि बेथेल पायचीत, रशीद त्रिफळाचीत.