मिस्लोवित्सचा धूसर सूर

पोलंडच्या दक्षिण भागात, सायलेशियाच्या कोळसापट्ट्यात असलेल्या एका शहरावरून ज्या बँडने आपले नाव घेतले, त्या मिस्लोवित्सची गाणी मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे. 1992 मध्ये सुरू झालेल्या या बँडच्या आरंभीच्या संगीतावर ब्रिटिश गिटार-रॉकची छाप स्पष्ट दिसते. पण 1999 च्या अल्बममधील ज्या गाण्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘एकाकीपणाच्या आवाजाची लांबी’ असा होतो, ते गाणे ऐकताना ही छाप विसरायला होते. गायक आर्तुर रोयेक त्यात आवाज फारसा ताणत नाही. तो ‘सामोत्नोश्चि’ हा शब्द उच्चारतो, तेव्हा शेवटचा ‘श्चि’ वाळक्या पानासारखा कानाशी सळसळतो, आणि पोलिश न कळणाऱ्यालाही एकटेपण म्हणजे काय ते उमगते.

2002 चा ‘कोरोव्हा मिल्की बार’ मला त्यांचा सर्वांत परिपूर्ण अल्बम वाटतो. त्यातला अंधार संथपणे पसरत जातो आणि गिटारी एकमेकींत धुक्यासारख्या मिसळतात. पुढच्याच वर्षी या अल्बमची इंग्रजी आवृत्ती निघाली, परंतु तिच्यात तो सळसळता ‘श्चि’ उरला नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

रोयेक 2012 मध्ये बँडमधून बाहेर पडला. त्याने 2006 मध्ये मिस्लोवित्सेतच सुरू केलेला ‘ऑफ फेस्टिव्हल’ हा संगीत महोत्सव तोवर शेजारच्या कातोवित्सेला गेला होता. बँड नव्या गायकासह पुढे चालत राहिला. मी मात्र अजूनही रोयेकच्याच काळातील गाण्यांकडे वळतो.