आमची वाटचाल : ताई, दादा आणि काका

सख्ख्या भावासोबत रोज एकाच छताखाली काम करणं जमतं कसं, असं मला बरेच जण विचारतात. आम्हा दोघांना ते जमायला फारसा वेळ लागला नाही. आमच्या एकत्र असण्याचा भार तिसऱ्याच माणसावर पडतो, हे कळायला मात्र मला ७ वर्षं लागली. म्हणून धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या शॉपची वाटचाल सांगताना मी त्या माणसाबद्दल जास्त लिहिणार आहे.

सुरुवात एका जुन्या लेथवर झाली, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायच्या मशीनवर. सोबत एक बेंच ड्रिल आणि हाताला लागणारी हत्यारं. धाकटा भाऊ टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब बांधून टूल लावलं की नुसत्या आवाजावरून कट बरोबर बसलाय की नाही ते तो सांगतो. कोटेशन, खरेदी, हिशेब आणि तयार मालाची तपासणी माझ्याकडे. भावंडं असल्याचा तेव्हा फार आधार वाटायचा. रात्री अकराला मशीन बिघडलं तर कोण थांबणार हा प्रश्न नसायचा. मी घाबरले आहे हे त्याला न सांगता कळायचं आणि तो चिडला आहे हे मला तो टूलपोस्टचं, म्हणजे टूल धरणाऱ्या भागाचं, हँडल कसं ओढतो त्यावरून कळायचं.

पहिली दोन वर्षं दोघांनीही पगार घेतला नाही. लागतील तसे पैसे काढायचे. तेव्हा त्याला आम्ही त्याग समजायचो. त्यात केवढी चूक होती ते पहिला पगारी माणूस ठेवला तेव्हा समजलं. आमच्या दोघांच्या कष्टाची किंमत एकाही कोटेशनमध्ये धरलेली नव्हती. आमचे दर कमी होते, कारण आमचे तास फुकट होते. ज्या कामात नफा दिसत होता त्यातली बरीच कामं पगार धरल्यावर तोट्यात निघाली. घरची माणसं धंद्यात असतील तर पहिल्या महिन्यापासून पगार लावा. निदान कागदावर तरी लावा. नाहीतर तुमचा धंदा चालतोय की तुमचं घर त्याला पोसतंय हे कधीच कळत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही अनुभवी फोरमन घेतले. वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे, म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. ते मला ताई म्हणत आणि भावाला दादा. ऐकायला गोड होतं. पण काका म्हटल्यावर माणूस घरचा होतो आणि घरच्या माणसाने भावाबहिणीच्या मध्ये पडायचं नसतं, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. आम्हाला याची कल्पनाही नव्हती.

सकाळी मी सांगायचे, आज हा जॉब आधी काढा, गाडी दुपारी येणार आहे. तासाभराने भाऊ सांगायचा, मशीनवर आधीच्या जॉबचं सेटिंग लागलंय तर तोच संपवा, पुन्हा सेटिंगला दोन तास जातील. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही, कारण बोलायची गरज वाटायची नाही. भाऊच तर आहे, संध्याकाळी घरी बोलू. तोवर काका मशीनपाशी उभे राहून ठरवायचे की आज कोणाचा राग पत्करायचा.

मग ते बुश आले, म्हणजे आतून पोकळ असलेले गोल नग. गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूचे २४० नग, आतला बोअर, म्हणजे भोक, २५ मिलिमीटर, फिट एच ७. म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ च्या मध्ये हवा. सगळा खेळ २१ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या २१ हजाराव्या भागांचा. काम भावाने स्वतः घेतलं होतं. गनमेटल आम्ही कोरडंच कापतो, त्यामुळे नग मशीनवरून उतरतो तेव्हा चांगला तापलेला असतो. भावाने तिथेच बोअर गेज, म्हणजे भोकाचं माप घ्यायचं साधन, लावला. माप २५.००८ च्या आसपास, म्हणजे उत्तम. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची हा जगभरचा संकेत १९३१ पासूनचा आहे आणि भावाला तो माझ्याहून चांगला माहीत आहे. पण गाडी दारात होती. गनमेटल एका अंशाला मीटरमागे साधारण १८ मायक्रॉन वाढतं. २५ मिलिमीटर व्यासात ३० अंशांचा फरक म्हणजे १३-१४ मायक्रॉन. तेवढाच बोअर थंड झाल्यावर आत आला आणि मापाच्या खाली गेला.

तपासणी माझी होती. नग थंड होऊ देऊन त्यात प्लग गेज, म्हणजे ठरलेल्या मापाचा दांडा, घालून बघायचा, एवढंच काम. भाऊ म्हणाला, "ताई, मी बघितलंय सगळं." मी चलन फाडलं. दुसरा कोणीही टर्नर असता तर मी पेटीतले २० नग काढून स्वतः गेज लावला असता. भाऊ होता म्हणून एकही काढला नाही.

सगळा लॉट परत आला. गेजची गो बाजू, जी मापाच्या बोअरमध्ये शिरायलाच हवी, ती शिरतच नव्हती. बोअर लहान होता म्हणून पुन्हा कापून रिवर्क करता आलं, मोठा झाला असता तर सगळा माल भंगारात गेला असता. दोन रात्री आम्ही तिघं बसलो. दुसऱ्या रात्री काका सहज बोलावं तसं बोलले, "मी दादांना म्हटलं होतं, थंड होऊ द्या."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत?

ते हातातला बुश पुसत राहिले. मग म्हणाले, "दोनदा तुमच्या टेबलापर्यंत येऊन गेलो, ताई. पण भावाचं बहिणीला सांगायचं म्हणजे तुमच्या दोघांत काडी लावल्यासारखं झालं असतं."

माल परत आल्याचं दुःख मी विसरले आहे. ते वाक्य विसरले नाही. चूक दिसत असताना एक चांगला कारागीर गप्प बसला, कारण आमचं नातं त्याच्या आड आलं होतं. आम्ही कधी त्यांच्यावर ओरडलो नव्हतो. तरीही ते बोलू शकले नव्हते.

पुढे एकदा आमच्या हिशेबनीसांनी कागदावर तीन वर्तुळं काढून दाखवली. एक कुटुंबाचं, एक मालकीचं, एक धंद्याचं, तिन्ही एकमेकांवर चढलेली. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये रेनातो ताग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ मध्ये कौटुंबिक धंद्यांसाठी ही मांडणी केली होती. आम्ही दोघं कुठे आहोत ते लगेच दिसलं, तिन्ही वर्तुळं जिथे मिळतात तिथे अगदी मधोमध. मी विचारलं, काका कुठे? हिशेबनीसांनी धंद्याच्या वर्तुळात कडेला एक ठिपका दिला. कुटुंबाची आणि मालकीची रेघ त्या ठिपक्याच्या बाहेरूनच जात होती. आमचे निम्मे निर्णय जेवायच्या वेळी घरी होत होते आणि काकांना ते दुसऱ्या दिवशी आयते ऐकायला मिळत होते.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी बदलल्या. सगळ्या एकदम जमल्या नाहीत. कामाचा क्रम रोज सकाळी दहा मिनिटांत फळ्यावर लिहायचा, आम्ही तिघांनी मिळून. दिवसभरात बदल हवा असेल तर आम्ही दोघांनी आधी आपसात बोलायचं आणि मग एकानेच काकांना सांगायचं. बनवणाऱ्याने पास करायचं नाही, मग तो भाऊ असो की मी. तपासणी अहवालावर सही नसेल तर चलन निघत नाही. आणि मशीन थांबवायचा अधिकार काकांना, मशीनवर कोणीही असलं तरी. हे शेवटचं मी आणि भावाने सगळ्यांसमोर सांगितलं. फक्त काकांना सांगून भागलं नसतं, बाकीच्यांना ते ऐकू यायला हवं होतं.

भावाला हे सोपं गेलं नाही. त्याचे पहिले दहा बुश मी गेज लावून बघितले तेव्हा तो बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं माझा विश्वास उडाला. मी त्याला म्हटलं, विश्वास तुझ्यावर आहे, तापलेल्या धातूवर नाही. चार दिवस तो कामापुरतंच बोलला. पाचव्या दिवशी नग थंड करायला त्याने स्वतः एक जाळीचा ट्रे बनवून माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवला. तो ट्रे अजून वापरात आहे.

नात्यातला एक मुलगा आम्ही मदतनीस म्हणून घेतला होता, त्याबद्दलही सांगते. तो उशिरा यायचा आणि काका काही बोलायचे नाहीत, कारण पुन्हा तेच. सहा महिन्यांनी तो स्वतःच निघून गेला, पण तोवर बाकीच्या पोरांनीही वेळ पाळणं सोडलं होतं. आता नातेवाईक घ्यायचा की नाही, ठेवायचा की नाही, हे काका ठरवतात. नातेवाइकांना वाईट वाटतं. वाटू दे.

सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या वेळी आमचं खरं भांडण झालं. भावाला मशीन हवं होतं, मला कर्जाच्या हप्त्याची धास्ती. आठ महिने तेच चाललं. तंत्राचा शेवटचा शब्द त्याचा आणि पैशाचा माझा, असं आम्ही वाटून घेतलं होतं. इथे दोन्ही एकत्र आलं आणि ती वाटणी निरुपयोगी झाली. तोडगा काकांनी काढला. कोणाची बाजू न घेता त्यांनी महिनाभर एका वहीत लिहिलं की कोणता लेथ किती तास एकाच मापाच्या नगांवर अडकतो. महिन्याअखेर दोन लेथचे निम्म्याहून जास्त तास त्यातच गेलेले दिसले. मी हप्त्याच्या कागदावर सही केली. राइट बंधू म्हटलं की आपल्याला दोनच नावं आठवतात, पण १९०३ मध्ये त्यांच्या विमानाचं इंजिन चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या कारागिराने सायकलच्या दुकानात लेथ आणि ड्रिल प्रेसवर साधारण ६ आठवड्यांत घडवलं होतं. ती वही बघताना मला चार्ली टेलर आठवला.

आज आमच्याकडे ४ लेथ, १ मिलिंग, २ सीएनसी आणि १४ माणसं आहेत. गेल्या वर्षी आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकासाठी अंतर्गत ऑडिट करायचं ठरलं. ऑडिट निःपक्षपाती हवं हा त्यातला नियमच आहे, म्हणजे स्वतःचं काम स्वतः तपासून चालत नाही. माझा तपासणी विभाग कोणी बघायचा? भावाने बघितला असता तर तो पुन्हा आमच्या दोघांतला मामला झाला असता. काकांनी प्रशिक्षण घेतलं आणि एका सोमवारी वही घेऊन माझ्या टेबलापाशी आले. या वेळी परत गेले नाहीत.

कॅलिब्रेशनचं, म्हणजे मापाची साधनं ठरल्या तारखेला तपासून घेतल्याचं, रजिस्टर त्यांनी ओळीओळीने वाचलं. ३२ मिलिमीटरच्या प्लग गेजची तारीख उलटून १९ दिवस झाले होते आणि गेज वापरात होता. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि फॉर्मवर माझ्या नावाने नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमाप्रमाणे नसलेली बाब, लिहिली. अक्षर नेहमीपेक्षा सावकाश होतं. सुधारणा कोण तपासणार, या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"ताई, इथे सही. मंगळवारी बघायला येतो."