जिथे शंकाच आली नाही

कोड लिहिणाऱ्या एआय सहायकाला सॉफ्टवेअर लायब्रऱ्यांचे, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचांचे, डॉक्युमेंटेशन वेळेवर आणि नेमके मिळावे, ही व्यवस्था पाहणे हे माझे काम आहे. ऐकणाऱ्याला ते बिनगरजेचे वाटते, कारण सगळे डॉक्युमेंटेशन इंटरनेटवर आहेच आणि सहायकाने ते प्रशिक्षणात वाचलेलेही आहे, असा समज असतो. अडचण त्या वाचलेल्यातच असते. प्रशिक्षणाच्या मजकुरात लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवरची वर्षानुवर्षांची प्रश्नोत्तरे, लेख आणि उदाहरणे साचलेली असतात, नव्या आवृत्तीविषयीचा मजकूर त्या मानाने तुटपुंजा असतो, आणि त्यामुळे सहायक कोड लिहू लागला की जुन्याच रीतीकडे झुकतो.

प्रकरण पायडँटिक या पायथन लायब्ररीचे आहे. बाहेरून आलेली माहिती ठरलेल्या साच्यात बसते की नाही, हे ती तपासते. तिची दुसरी आवृत्ती जून 2023 मध्ये आली, तेव्हा तपासणीचा गाभा रस्ट भाषेत नव्याने लिहिला गेला आणि कोडमध्ये वापरायची पुष्कळ नावेही बदलली. ‘डिक्ट’चे ‘मॉडेल_डंप’ झाले, ‘पार्स_ऑब्ज’चे ‘मॉडेल_व्हॅलिडेट’ झाले, ‘व्हॅलिडेटर’च्या जागी ‘फील्ड_व्हॅलिडेटर’ आले, आणि ‘बेससेटिंग्ज’ तर वेगळ्या पॅकेजमध्ये गेले. आमची एक जुनी सेवा पहिल्या आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीवर न्यायची होती आणि ते काम सहायकाकडे सोपवायचे ठरले. या स्थलांतरासाठी ‘बंप-पायडँटिक’ नावाचे तयार साधन उपलब्ध आहे आणि ते आधी चालवावे, असे मी सुचवलेही होते. परंतु हाताशी सहायक असताना जुन्या पद्धतीचे साधन कशाला, अशी हवा सध्या सगळीकडे आहे आणि तिच्यापुढे सूचना टिकत नाहीत.

सहायकाला दोन साधने दिलेली होती. पहिले साधन प्रकल्पाची लॉकफाइल, म्हणजे बसवलेल्या लायब्रऱ्यांची आवृत्त्यांसह यादी, वाचून कोणत्या लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती बसवलेली आहे ते सांगते, आणि दुसरे त्याच आवृत्तीच्या डॉक्युमेंटेशनमधून उतारे काढून देते. ‘लेटेस्ट’ या पत्त्यावरचे पान आम्ही कधीच देत नाही. प्रकल्प दोन आवृत्त्या मागे असेल, तर सर्वांत ताजे पान वाचून सहायक त्या प्रकल्पात अस्तित्वातच नसलेले फंक्शन पूर्ण आत्मविश्वासाने लिहितो, आणि अधिकृत पानाचा आधार असल्यामुळे ते तपासणाऱ्यालाही खरे वाटते.

उतारे पाडण्यावर मी सर्वांत जास्त मेहनत घेतली आहे. ठरावीक अक्षरसंख्येवर मजकूर तोडणे सोपे असते आणि बहुतेक जण तेच करतात, पण त्यात उदाहरणाचा कोड एका तुकड्यात जातो आणि ‘ही पद्धत आता वापरू नये’ हे त्याच्या वरचे वाक्य दुसऱ्या तुकड्यात राहते. आमच्याकडे मजकूर मथळ्यांनुसार तुटतो, कोडसोबत त्याच्या वरचा परिच्छेद जातो आणि कोणताही तक्ता त्याच्या शीर्षओळीपासून वेगळा होत नाही. पायडँटिकच्या स्थलांतर मार्गदर्शिकेत असा एक तक्ता आहे. त्यात एका बाजूला फील्डची, म्हणजे साच्यातील एकेका रकान्याची, स्थिती दिलेली आहे, म्हणजे ते आवश्यक आहे की नाही आणि त्याला ‘नन’ (पायथनमध्ये ‘मूल्य नाही’ याची खूण) चालते की नाही, आणि दुसऱ्या बाजूला त्या स्थितीसाठी लिहायची व्याख्या दिलेली आहे. शीर्षओळ गेली की त्यातून काहीच कळत नाही. आमच्या साठ्यात तो तक्ता अखंड होता.

नावांच्या बाबतीत सहायकाचे काम देखणे झाले. प्रत्येक बदललेल्या नावासाठी त्याने उतारा मागवला, तो वाचला आणि योग्य बदल केला. सर्व चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, झाल्या. त्यानंतर सेवा चाचणीच्या सर्व्हरवर चढवली, आणि जुन्या क्लायंटकडून, म्हणजे ही सेवा वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रामांकडून, येणाऱ्या विनंत्यांना 422 हा नकार मिळू लागला. सेवा फास्टएपीआय या वेबसेवा बांधण्याच्या पायथन चौकटीवर चालते आणि आलेली माहिती साच्यात बसली नाही की फास्टएपीआय हाच क्रमांक परत करते.

कारण लवकर सापडले. आमच्या साच्यांमध्ये अनेक फील्ड ‘ऑप्शनल’ म्हणून जाहीर केलेली होती आणि त्यांना पुढे डीफॉल्ट मूल्य दिलेले नव्हते. पहिल्या आवृत्तीत अशा फील्डचे मूल्य आपोआप ‘नन’ धरले जात असे. दुसऱ्या आवृत्तीत तीच ओळ असे सांगते की मूल्य ‘नन’ असले तरी चालेल, पण फील्ड पाठवावेच लागेल. जुने क्लायंट ते पाठवत नव्हते. चाचण्यांना हे दिसले नाही, कारण त्यातील नमुना माहिती एका पूर्ण भरलेल्या नोंदीवरून उतरवलेली होती. सोयीचा नमुना घेऊन चाचणी लिहायची ही सवय जिथे जावे तिथे आढळते.

एका वरिष्ठ सहकाऱ्याने लगेच निष्कर्ष काढला की शोध नीट चालत नसणार. मी नोंदी उघडल्या. सहायकाने काय विचारले आणि त्याला काय दिले गेले, हे त्यात ओळीने असते. ‘ऑप्शनल’विषयी एकही प्रश्न नव्हता. तोच प्रश्न मी स्वतः टाकून पाहिला, तेव्हा वर उल्लेखलेला तक्ता पहिल्याच क्रमांकावर आला. त्यामुळे उत्तर साठ्यात असूनही ते कोणी मागितले नव्हते, एवढेच सिद्ध झाले.

सहायकाने ते का मागितले नाही, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. ‘डिक्ट’ वापरले की दुसरी आवृत्ती ते चालवून घेते, पण सोबत इशारा छापते. ‘बेससेटिंग्ज’ आयात करायला गेले की सरळ त्रुटी येते. या दोन्ही ठिकाणी शंका निर्माण होते आणि शंकेतून शोध सुरू होतो. ‘ऑप्शनल’ची ओळ मात्र दोन्ही आवृत्त्यांत तितकीच वैध आहे, तिच्यावर इशारा येत नाही, आणि प्रशिक्षणात तिचा जुना अर्थ भरपूर वेळा वाचलेला असल्यामुळे सहायकाची खात्री पक्की असते. आमची संपूर्ण व्यवस्था मात्र अज्ञान असेल तिथे प्रश्न येईल, या गृहीतकावर उभी आहे. ‘बंप-पायडँटिक’चा अगदी पहिला नियम अशा फील्डना ‘नन’ हे डीफॉल्ट मूल्य जोडण्याचाच आहे, म्हणजे लायब्ररी करणाऱ्यांना हा खड्डा चांगला ठाऊक होता, हे या संदर्भात नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

संपूर्ण डॉक्युमेंटेशनच सहायकापुढे ठेवावे, असा उपाय सहकाऱ्याने सुचवला. तो मला पटत नाही, कारण न मागितलेली शेकडो पाने समोर असली तरी त्यातील एक तक्ता या प्रकल्पाला लागू आहे, हे कोणीतरी ओळखावेच लागते. आता लॉकफाइलमधील मुख्य आवृत्तीचा आकडा बदलला की आमचे साधन फक्त स्थलांतर मार्गदर्शिका न मागता देते, आणि तिच्या प्रत्येक विभागासाठी प्रकल्पात तशी जागा आहे की नाही, हे सहायकाला फाइलच्या नावासह लिहावे लागते. या पद्धतीने पुन्हा काम करवले, तेव्हा ‘ऑप्शनल’ची सगळी फील्ड सापडली, आणि मजकुराच्या फील्डमध्ये आकडा आला तर पूर्वी तो मुकाट्याने स्वीकारला जाई आणि आता नाकारला जातो, ही दुसरी गोष्टही उघड झाली. तिच्याकडे तर तोपर्यंत आमच्यापैकी कोणाचेही लक्ष गेले नव्हते.

मार्गदर्शिका नसलेल्या लहान लायब्रऱ्यांचे काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांच्या बदलनोंदीत नवे नाव ठळकपणे लिहिलेले असते आणि त्याच नावाचे बदललेले वर्तन एखाद्या ओळीत उरकलेले असते. पुढचे काम नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीचे आहे. तिची दुसरी आवृत्ती जून 2024 मध्ये आली आणि तिच्यात 32 बिटांच्या दशांश संख्येत पायथनची साधी दशांश संख्या मिळवली तर उत्तर पूर्वीसारखे 64 बिटांचे न होता 32 बिटांचेच राहते. इथेही कोडमधील एकही अक्षर बदललेले नाही. म्हणून सहायकाला हात लावू देण्यापूर्वी त्या सेवेच्या चाचण्या उत्तराचा प्रकार तपासतात की केवळ जवळपासचे मूल्य, हे मी सध्या एकेक फाइल उघडून पाहतो आहे.