अजॅक्स आणि ‘फक्त आजचा दिवस’

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजची सातच नाटकं पूर्ण उरली. त्यांतल्या चार नाटकांत मिळून सहा माणसं स्वतःचा जीव देतात. योकास्टा, डायनायरा, अँटिगनी, हेमॉन, युरिडिसी यांचं मरण रंगमंचाआड घडतं आणि कुणीतरी येऊन सांगतं. ‘अजॅक्स’ नाटकातल्या अजॅक्सला, ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक योद्ध्याला, मात्र शेवटचं बोलताना आपण समोर बघतो, म्हणून तोच आज डोक्यातून जात नाही.

मेलेल्या अकिलीजची, ग्रीकांच्या सर्वांत मोठ्या वीराची, शस्त्रं त्याला न मिळता दुसऱ्या ग्रीक सरदाराला, ओडिसियसला मिळाली. सूड घ्यायला निघाला, तर अथीना देवीनं भ्रम घातला आणि ग्रीक सरदार समजून त्यानं लुटीची गुरंढोरं कापली. शुद्धीवर आल्यावर एकच गोष्ट त्याला खाते: बाप तेलामोन याच ट्रॉयच्या मुलखातून मानाचं बक्षीस जिंकून परतला होता, त्याला आता कोणतं तोंड दाखवायचं? बायको टेक्मेसा विनवते की तू गेलास तर त्याच दिवशी मी आणि पोर गुलामीत जाऊ. दूरच्या बापाची नजर त्याला दिसते, समोरची बायको दिसत नाही. निराशा माणसाचं हेच करते.

मग ओळी ६४६ ते ६९२. हिवाळा उन्हाळ्याला वाट देतो, रात्र दिवसाला. मीही नमतो, म्हणतो. नट हे भाषण निव्वळ थाप म्हणून करतात आणि तिथंच फसतात. टेक्मेसाची कीव त्याला खरोखर आलेली आहे, म्हणूनच सगळे विश्वास ठेवतात. कोरस, म्हणजे त्याच्या खलाशांचा गायकवृंद, आनंदानं नाचतो. लगेच निरोप्या येतो: कॅल्कस ज्योतिषानं बजावलंय, अथीनाचा कोप फक्त आजच्या दिवसापुरता आहे, त्याला तंबूबाहेर सोडू नका. तो तर केव्हाच गेलेला. तो शांत झाला म्हणजे सावरला, असं सगळ्यांनी धरलं होतं.

८६५व्या ओळीला तो संपतो. नाटक १४२० ओळींचं. पुढचा भाग म्हणजे त्याचं दफन होऊ द्यायचं की नाही याची नुसती हुज्जत, असं म्हणून दिग्दर्शक तो बेलाशक कापतात. माझ्या मते नाटकाचा जीवच तिथं आहे. टेक्मेसा प्रेत झाकते. शेवटी ती तिथंच असते, पण तिला एकही वाक्य नाही, कारण बोलणारे नट तीनच आणि ते अजॅक्सचा भाऊ ट्युसर, ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन आणि ओडिसियस यांच्या भूमिकांत गुंतलेले. म्हणजे अजॅक्स झालेला नटही यांतलाच एक; प्रेताच्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं.

आणि ट्युसर, सावत्र भाऊ, काय म्हणतो? तेलामोनला आता मी कसा सामोरा जाऊ? अजॅक्सची लाज त्याच्याबरोबर संपली नाही, ती भावाच्या वाट्याला आली. दफनाची बाजू घेतो तो ओडिसियस, ज्याच्याविषयीच्या अजॅक्सच्या द्वेषानं हे सगळं सुरू झालं. ट्युसर त्याचे मनापासून आभार मानतो, पण मेलेल्याला रुचणार नाही म्हणून प्रेताला हात लावू देत नाही.